चार ब्रँच, एक ऑयलर

फर्स्ट इयरला एम-वनच्या पेपरात मी ‘युलर्स थिअरम’ घोकून लिहिलं होतं. हा युलर कोण, कुठला, काही पत्ता नव्हता. नावाचा खरा उच्चार ‘ऑयलर’ आहे, हेसुद्धा नंतर कळलं!

मग परीक्षेच्या आधी एका रात्री गंमत झाली. आमच्या रूममध्ये चार ब्रँचचे चौघं. सिव्हिलवाला कॉलमचं बकलिंग करत होता, मेकॅनिकलवाला फ्लुइड्स, इलेक्ट्रॉनिक्सवाला कॉम्प्लेक्स नंबर्स आणि मी ग्राफ थिअरी. चारही पुस्तकांत एकच नाव! म्हटलं, हा माणूस आहे तरी कोण?

लिओनार्ड ऑयलर 1707 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जन्मला. वडील पाद्री, मुलानेही पाद्री व्हावं ही त्यांची इच्छा. पण योहान बर्नुलीने मुलाची चमक ओळखली आणि वडिलांना पटवलं. 1727 मध्ये ऑयलर सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखल झाला. वय वर्षं वीस. म्हणजे माझ्याएवढा! (मी अजून जर्नल कम्प्लीट करतोय.)

तिथे 1735 मध्ये त्याने क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचा प्रश्न सोडवला. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळं शहर फिरता येईल का? उत्तर : नाही. गंमत म्हणजे, या प्रश्नाचा गणिताशी फारसा संबंध नाही, असं त्याने स्वतःच एका पत्रात कळवलं होतं. आज त्याच प्रश्नातून निघालेली ग्राफ थिअरी आम्ही नेटवर्कसाठी शिकतो.

बकलिंगचा फॉर्म्युला 1744 चा. तेव्हाच्या जाडजूड दगडी खांबांना त्याची गरजच नव्हती. पुढच्या शतकात लोखंडाचे सडपातळ कॉलम आले तेव्हा तो कामाला आला. अंकशास्त्रातलं त्याचं एक प्रमेय 1763 मध्ये छापलं गेलं आणि 1977 च्या आरएसए एन्क्रिप्शनमध्ये वापरलं गेलं. दोनशेहून जास्त वर्षं वाट बघितली त्याने!

हे सगळं आरामात बसून झालं नाही. 1738 मध्ये आजारपणानंतर उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. 1741 ते 1766 तो बर्लिनला होता. रशियात परतल्यावर डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. 1771 मध्ये ऑपरेशन झालं, थोडे दिवस दिसलं आणि मग कायमचा अंधार. त्याच वर्षी घरही जळालं. पण हा थांबला नाही. डोक्यात गणित करायचा, मुलं आणि सहाय्यक लिहून घ्यायचे. त्याच्या एकूण कामाचा जवळपास अर्धा भाग या शेवटच्या काळातला आहे. 18 सप्टेंबर 1783 ला तो गेला, त्या दिवशीसुद्धा नव्याने सापडलेल्या युरेनसच्या कक्षेवर बोलणं चालू होतं. नंतर जवळजवळ पन्नास वर्षं अकादमी त्याचे लेख छापतच राहिली. यादीत 866 नोंदी आहेत.

आजकाल संशोधकाची किंमत सायटेशनवरून ठरते. पण कॉलम डिझाइन करताना ऑयलरचा मूळ लेख रेफरन्समध्ये कोण देतं? तो सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडलाय की मोजणीतूनच सुटतो.

आम्ही प्रोजेक्ट निवडताना पहिला प्रश्न विचारतो, ‘याचा उपयोग काय? प्लेसमेंटला चालेल का?’ मीही तेच विचारून एक आवडलेला टॉपिक सोडणार होतो. त्या रात्रीनंतर मी तो परत यादीत घातलाय. गाईड काय म्हणतात, बघू!