बडनेऱ्याचे स्वामी आणि आयर्लंडचा कवी

मैत्रिणींनो, चांदीपसारख्या गावातून विरार-वसईकडे कॉलेजला जाणारी एखादी मुलगी इंग्रजी वाङ्मय घेते. मग आयरिश कविता-नाटकांवर निबंध लिहायची वेळ आली की डोक्याला हात लावते. कुठलं आयर्लंड, कुठले ते येट्स, आपला काय संबंध? पण संबंध आहे, आणि तो थेट आपल्या अमरावतीजवळच्या बडनेऱ्याशी आहे!

शंकर गजानन पुरोहित यांचा जन्म १८८२ मध्ये बडनेऱ्याचा. घर खाऊनपिऊन सुखी, घरात दत्ताची भक्ती. शंकर हुशार होता. बी.ए. झाला, कायदाही शिकला, पण वकिलीत मन रमलं नाही. ओढ होती ती अध्यात्माची. लग्नच करायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण आईवडिलांच्या आग्रहापुढे त्याचं काही चाललं नाही. १९०८ मध्ये गोदूबाईंशी विवाह झाला. दोन मुली, एक मुलगा झाला. पुढे मात्र त्यांनी पुन्हा ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं आणि संसारातून पाय काढला.

गुरूंच्या आज्ञेवरून ते आधी देशात हिंडले आणि मग युरोपात गेले. १९३१ मध्ये लंडनला त्यांची विल्यम बटलर येट्स यांच्याशी ओळख झाली. येट्स म्हणजे लहानसहान माणूस नव्हे. १९०४ मध्ये डब्लिनला सुरू झालेल्या अ‍ॅबी थिएटरच्या संस्थापकांपैकी ते एक. लेडी ग्रेगरी ही बाई त्या कामात त्यांच्या बरोबरीने उभी होती. १९२३ चं साहित्याचं नोबेलही येट्सनाच मिळालं होतं.

अशा या कवीने स्वामींना आत्मचरित्र लिहायला लावलं. ते १९३२ मध्ये छापून आलं, प्रस्तावना येट्स यांचीच. स्वामींचे गुरू भगवान हंस यांनी कैलास-मानसच्या यात्रेवर मराठीत पुस्तक लिहिलं होतं. स्वामींनी ते इंग्रजीत आणलं आणि १९३४ मध्ये तेही येट्स यांच्या प्रस्तावनेसह निघालं. त्याच सुमारास येट्सनी ‘मेरू’ नावाची कविता लिहिली. तिच्यात हिमालयातले तपस्वी आहेत. ते कुठून आले हे आता वेगळं सांगायला नको!

१९३५ च्या अखेरीस दोघं स्पेनच्या मायोर्का बेटावर राहायला गेले. उद्योग काय, तर उपनिषदांचं भाषांतर. येट्सना संस्कृत येत नव्हतं. स्वामी अर्थ उलगडून सांगत आणि येट्स त्याला साध्या माणसालाही कळेल अशा इंग्रजीत बसवत. दहा उपनिषदांचं ते पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झालं. येट्स यांचं ‘द हर्न्स एग’ हे नाटकही मायोर्कातल्याच दिवसांतलं. त्यात स्वामींशी झालेल्या चर्चांची छाया आहे. १९३६ मध्ये येट्सनी आधुनिक इंग्रजी कवितेचा मोठा संग्रह संपादित केला, त्यातही स्वामींच्या कवितांना जागा मिळाली.

त्याच वर्षी स्वामी भारतात परतले. १९३९ मध्ये येट्स गेले आणि १९४१ मध्ये स्वामी.

एवढं मोठं काम! त्याचं कौतुक वाटतंच. पण आपल्यासारख्या बायकांच्या मनात एक प्रश्न राहतोच. पुरुष विरक्त होतो तेव्हा त्याला स्वामी म्हणतात. बाईला मात्र चूल आणि तीन लेकरं टाकून असं निघता येतं का? मायोर्कात येट्स गंभीर आजारी पडले, तेव्हा त्यांची बायको जॉर्ज धावत त्या बेटावर पोचली. इकडे गोदूबाईंच्या नशिबी नवरा असून नसल्यासारखा. त्यांनी व्रत मागितलं नव्हतं, ते त्यांच्यावर येऊन पडलं. पुस्तकांवर दोन नावं झळकली, त्यात त्यांचं नाव नाही.

म्हणून वाटतं, तुमच्या लेकीला येट्सवर निबंध लिहायचा असेल तर तिला बडनेऱ्याचे हे स्वामी जरूर सांगा. परक्या वाटणाऱ्या विषयात आपलं माणूस सापडलं की अभ्यासाची भीती निम्मी होते. आणि निबंधात एक ओळ गोदूबाईंसाठीही लिहायला सांगा. मार्क मिळोत न मिळोत, ती ओळ कुणीतरी लिहायलाच हवी, नाही का?