मूसा रेमाँच्या बंदुका

कुकटपल्लीहून मेट्रोत बसले की गाडी न बदलता मूसारामबाग गाठता येते. या नावामागचा मनुष्य म्हणजे फ्रेंच सरदार रेमाँ. लोक त्याला मूसा राम किंवा मूसा रहीम म्हणत. खर्ड्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मला तो शत्रुपक्षाचा. म्हणून आसमानगढच्या टेकडीवरील त्याच्या समाधीकडे मी बरीच वर्षे फिरकलो नाही.

१७५५ मध्ये जन्मलेला रेमाँ तरुणपणी पाँडिचेरीस उतरला व पुढे निजामाच्या चाकरीत आला. हैदराबादेत त्याने तोफा-बंदुकांचा कारखाना उभारला. तेव्हाच्या चकमकीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. पेचदार खोबणी नसल्याने गोळी फिरकी घेत नसे आणि शंभर कदमांपलीकडे नेमाचा भरवसा नसे. परंतु ती झटपट भरता येई. शेकडो शिपायांनी एका हुकुमासरशी बार काढले की नेमाची उणीव भरून निघे. बंदुकीचे खरे बळ कवायतीत होते. १७९५ मध्ये खर्ड्यास निजाम हरला, तरी रेमाँच्या पलटणी शिस्तीने लढल्या.

२५ मार्च १७९८ रोजी रेमाँ वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, थकलेल्या पगारासाठी बिथरलेल्या त्याच्या पलटणींनी इंग्रजांपुढे लढाईविना शस्त्रे ठेवली. बंदुका त्याच होत्या. हुकूम देणारा उरला नव्हता.

अखेर एकदा टेकडी चढून गेलो. तेथे खर्डे आठवले, पण हातही जोडले गेले.