तीन अक्षरांचा अर्थ

शाळेच्या बिल्ल्यावर लॅटिन शब्द मिरविणारे विद्यार्थी पुष्कळ. परंतु त्या शब्दांचा अर्थ विचारला असतां बहुतेक निरुत्तर होतात. यास्तव अशाच तीन शब्दांशीं ज्याचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे, त्या योहान सेबास्टियन बाखचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा थोर संगीतकार जर्मनींत आयझेनाख येथें इ. स. १६८५ मध्यें जन्मला. वयाचीं दहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो आईबापांस मुकला व वडील भावाच्या आश्रयानें वाढला. पुढें वायमार येथें ड्यूकाच्या पदरीं असतां, ती चाकरी सोडण्याचा हट्ट धरिल्यामुळें १७१७ मध्यें त्यास सुमारें महिनाभर कैद भोगावी लागली. १७२० मध्यें तो नव्या धन्यासह परगांवीं गेला होता. परत येऊन पाहतो तों पत्नी वारलेली, तिचें दफनही झालेलें! दोन विवाहांपासून झालेल्या वीस अपत्यांपैकीं दहाच मोठीं झालीं.

१७२३ पासून मृत्यूपर्यंत तो लाइपझिग येथें सेंट टॉमस शाळेंत मुलांस गायन शिकवीत असे. आरंभींच्या वर्षांत तर जवळजवळ दर रविवारच्या उपासनेसाठीं तो नवी रचना सिद्ध करी. नगरसभेशीं त्याचे खटके उडत. पण काम थांबलें नाहीं.

त्याच्या पुष्कळ हस्तलिखितांच्या माथ्यावर जे. जे. हीं अक्षरें आढळतात. म्हणजे येसू युवा, हे येशू, साहाय्य कर. शेवटीं एस. डी. जी. हीं तीन अक्षरें; म्हणजे सोली देओ ग्लोरिया, केवळ देवाला गौरव. तीं श्रोत्यांच्या दृष्टीस पडत नसत. अशी अक्षरें लिहिण्याची चाल हेंडेलादि इतर संगीतकारांतही होती, हें आम्ही लपवीत नाहीं. पण चाल सर्वांची असली, तरी तिच्यांत अर्थ भरणें ज्याचें त्याच्याच हातीं असतें. आरंभींची प्रार्थना व शेवटचें स्तवन यांच्या मध्यें बाखनें जें निर्दोष काम केलें, तोच त्या शब्दांचा खरा अर्थ होय.

१७५० मध्यें डोळ्यांवर दोन वेळां केलेली शस्त्रक्रिया निष्फळ ठरली, व २८ जुलै रोजीं तो निवर्तला. त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडही नव्हता. पुढें १८२९ मध्यें मेंडेलसोननें बर्लिन येथें त्याचें 'मत्तयकृत दुःखसहन' हें संगीत पुन्हा ऐकविलें, तेव्हां जगाला त्याची थोरवी नव्यानें पटली.

विद्यार्थिमित्रहो, बिल्ल्यावरील शब्दांचा अर्थ कोशांत सांपडेल; पण तो खरा करून दाखविण्याची जागा तुमची वही होय. आईबापांनींही आपल्या मुलांस एवढेंच विचारावें : तुझ्या आजच्या पानाखालीं तीं तीन अक्षरें शोभतील काय?