काशिनाथ त्र्यंबक तेलंग

न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग (३० ऑगस्ट १८५० – १ सप्टेंबर १८९३) हे मुंबईतील विख्यात कायदेपंडित, मुंबई विधिमंडळाचे सभासद, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश व संस्कृतचे व्यासंगी विद्वान होते.

जीवन

तेलंगांचा जन्म मुंबईत झाला. एल्फिन्स्टन हायस्कूल व एल्फिन्स्टन कॉलेज येथे शिक्षण घेऊन त्यांनी एम.ए. व एल्‌एल.बी. या पदव्या मिळविल्या. १८७२ साली ते उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिली करू लागले. धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ ते संस्कृतातूनच वाचत असल्यामुळे हिंदू कायद्याच्या दाव्यांत त्यांच्या युक्तिवादाला विशेष वजन असे. १८८९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

सार्वजनिक कार्य

१८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाचे ते सदस्य होते. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाच्या समर्थनार्थ त्यांनी केलेले भाषण गाजले. १८८४ मध्ये त्यांची मुंबई विधिमंडळावर नियुक्ती झाली. फिरोजशहा मेहता व बद्रुद्दिन तय्यबजी यांच्यासमवेत त्यांनी १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनातही ते सहभागी होते. १८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. हे पद भूषविणारे ते पहिले भारतीय होत.

ग्रंथलेखन

रामायण होमरच्या काव्यावरून रचले गेले, हे जर्मन पंडित वेबर यांचे मत त्यांनी १८७३ मध्ये साधार खोडून काढले. त्यांनी केलेले भगवद्गीतेचे इंग्रजी गद्य भाषांतर १८८२ मध्ये मॅक्स म्यूलर यांनी संपादित केलेल्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस नाटकाचे त्यांनी संपादन केले व लेसिंगच्या एका नाटकाचे मराठी भाषांतरही केले.

सुधारणाविषयक भूमिका

सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या वादात १८८६ च्या व्याख्यानात त्यांनी असे प्रतिपादन केले, की ज्या क्षेत्रात विरोध कमी तेथे प्रथम पाऊल टाकावे. राजकीय प्रगती सामाजिक सुधारणेसाठी अडवून धरू नये. ते स्वतः सुधारणांचे पक्षपाती होते. तथापि १८९३ मध्ये त्यांनी आपल्या अल्पवयीन कन्येचा विवाह केला, तेव्हा त्यांच्या उक्ती व कृतीतील अंतरावर कठोर टीका झाली. सुधारकाला घरातच कसोटी द्यावी लागते, याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग त्या काळाच्या इतिहासात नोंदला गेला. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.