ट्रॅक्टरला लिफ्ट देणारा शेतकऱ्याचा पोरगा : हॅरी फर्ग्युसन

आपल्या ट्रॅक्टरच्या मागं बघा. खाली दोन आर्म आणि वर एक टॉप लिंक. द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टर असो की ५० एचपीचा मोठा, रचना हीच. लिव्हर ओढला की रोटाव्हेटर उचलतो, सोडला की जमिनीवर बसतो. ही सोय शेतात आणणाऱ्या माणसाचं नाव हॅरी फर्ग्युसन. त्याची सगळी करामत चालते ती ऑइलवर, आणि आपण सगळ्यात जास्त विसरतो तेही ऑइलच.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागात, डाऊन परगण्यातल्या ग्रोवेल गावात झाला. घर शेतकऱ्याचं, भावंडं अकरा. १४ व्या वर्षी शाळा सुटली आणि घरच्या शेतात राबणं सुरू झालं. पण त्याचं मन त्यात रमेना. १९०२ मध्ये तो बेलफास्ट शहरात भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथं हात बसला. ३१ डिसेंबर १९०९ रोजी तर त्यानं स्वतः बनवलेलं विमान उडवून दाखवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण.

नांगर अडला की ट्रॅक्टर उलटायचा

पुढं पहिलं महायुद्ध आलं. अन्नधान्याची टंचाई होती. १९१७ मध्ये आयर्लंडच्या सरकारी शेती खात्यानं ट्रॅक्टर नीट चालतात का हे बघायचं काम हॅरीवर सोपवलं. गावोगाव फिरताना त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. त्या वेळी नांगर बैलगाडीसारखा मागं साखळीनं ओढला जायचा. नांगर खडकाला किंवा मुळीला अडला, की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर उठायचं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. यात माणसं मेली.

मग हॅरी आणि त्याचा साथीदार विल्यम सँड्स वर्षानुवर्षे याच्याच मागं लागले. नांगर ट्रॅक्टरलाच तीन ठिकाणी जोडायचा आणि ऑइलच्या दाबानं उचलायचा, असं त्यांनी ठरवलं. जमीन कडक लागली की टॉप लिंक पुढं दाबली जाते आणि लिफ्ट नांगर थोडा वर घेते. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, पकड वाढते आणि पुढची चाकं जमिनीवर राहतात. त्यामुळं हलका ट्रॅक्टरही चांगली नांगरट करू लागला.

शब्दावरचा सौदा, मग कोर्ट

१९३६ मध्ये डेव्हिड ब्राऊनच्या कारखान्यातून या रचनेचा ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ मध्ये हॅरी अमेरिकेत गेला, हेन्री फोर्डला नांगरट करून दाखवली आणि नुसतं हात मिळवून सौदा ठरला. लेखी काही नाही. त्या सौद्यातून तीन लाखांवर ट्रॅक्टर तयार झाले. पण युद्धानंतर फोर्डच्या नातवानं हा सौदा मोडला. हॅरी कोर्टात गेला. १९५२ मध्ये तडजोड झाली आणि त्याला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले.

तोवर इंग्लंडच्या कोव्हेंट्रीत १९४६ पासून त्याचा छोटा करड्या रंगाचा टीई-२० ट्रॅक्टर बनू लागला होता. १९५६ पर्यंत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर निघाले. एडमंड हिलरी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचला तो याच जातीच्या ट्रॅक्टरवर. टीई-२० मध्ये गिअर आणि लिफ्टला एकच ऑइल होतं. आजही बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये तसंच आहे. म्हणजे ते ऑइल घाण झालं की लिफ्ट आणि गिअर दोन्हींना मार.

१९५३ मध्ये कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली. त्यातूनच पुढं मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. २५ ऑक्टोबर १९६० रोजी हॅरी वारला. त्याच वर्षी चेन्नईत मॅसी फर्ग्युसनच्या साथीनं टॅफे कंपनी सुरू झाली आणि फर्ग्युसनचं नाव आपल्या शिवारात आलं.

आपण काय सांभाळायचं?

ऑइल तपासताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून थोडं थांबा, मग पट्टी बघा. उचललेल्या अवजाराखाली कधीच हात घालू नका. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं तर त्यात पाणी गेलंय, बदलाच. लिफ्ट हळू उचलते, झटके देते किंवा पंप ओरडतो, तर आधी ऑइलची पातळी आणि हायड्रॉलिकचा फिल्टर बघा. पंप खोलायची घाई नको.

एअर क्लीनर ऑइलचा असेल तर धुरळ्याच्या दिवसांत वाटी रोज बघा. गाळ साठला की धुऊन खुणेपर्यंत नवं ऑइल घाला. डिझेल फिल्टरखालचं पाणी काढत जा. नवा इंजिन ऑइल फिल्टर बसवताना त्याच्या रबराला थोडं ऑइल लावा आणि हातानंच आवळा. इंजिन चालू करून गळती बघा, मग बंद करून पातळी पुन्हा तपासा. कोणतं ऑइल आणि किती तासांनी, हे कंपनीच्या पुस्तकात असतं. आवर मीटर बघून तारीख आणि तास वहीत लिहून ठेवा. काढलेलं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

पेरणीला वाफसा दोन-चार दिवसच मिळतो. त्यात लिफ्ट बसली तर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत बसावं लागतं. म्हणून हंगामाआधी एक सकाळ ट्रॅक्टरला द्या.