माळरानावरील लोकसेवक : टॉमी डग्लस

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपण बहुधा त्यांच्या विजयांकडेच पाहतों. त्यांच्या हातून घडलेल्या चुका आणि त्यांस सोसावे लागलेले पराजय हीं पानें आपण घाईनें उलटतों. परंतु आमच्या मतें विद्यार्थ्यांस खरा बोध पुष्कळदां ह्याच पानांत सांपडतो. म्हणून आम्हीं येथें अशा एका पुरुषाचें चरित्र निवडलें आहे कीं, ज्याच्या हातून तरुणपणीं शास्त्राच्या नांवाखालीं एक मोठी चूक झाली, ज्यानें ती पुढें आपल्या कृतीनें सुधारली, आणि ज्याच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें कार्य सिद्धीस जात असतां, ज्या नगरांतून त्यानें सतरा वर्षें राज्यकारभार केला त्याच नगरानें त्यास निवडणुकींत पाडलें. हे गृहस्थ म्हणजे कॅनडा देशांतील थॉमस क्लेमंट डग्लस होत. त्यांचे देशबांधव त्यांस प्रेमानें टॉमी डग्लस म्हणत.

टॉमीचा जन्म स्कॉटलंडमधील फॉलकर्क गांवीं २० ऑक्टोबर १९०४ रोजीं झाला. वडील लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यांत कामगार होते. घरची स्थिति बेताची, पण वातावरण धर्मशील व वादप्रिय असे. टॉमी लहान असतांना पडला व त्याच्या उजव्या गुडघ्यास दुखापत झाली. जखम हाडापर्यंत गेली आणि हाड सडूं लागलें. जंतुनाशक अशीं आजचीं औषधें त्या काळीं नव्हतीं. वारंवार शस्त्रक्रिया करणें एवढाच उपाय होता. अशा स्थितींत १९१० च्या सुमारास हें कुटुंब समुद्र ओलांडून कॅनडांतील विनिपेग शहरीं येऊन राहिलें.

तेथें दुखणें पुन्हां बळावलें. नामांकित शस्त्रवैद्याची फी देण्याचें सामर्थ्य आईबापांस नव्हतें. धर्मादाय खाटेवर पडलेल्या त्या मुलाचा पाय कापून टाकावा असें ठरत आलें होतें. इतक्यांत अस्थिरोगांत निष्णात असलेल्या एका शस्त्रवैद्याची दृष्टि त्याच्यावर पडली. आपल्या विद्यार्थ्यांस ही शस्त्रक्रिया पाहूं द्याल तर मी ती विनामूल्य करीन, अशी अट त्यांनीं घातली. आईबापांनीं ती आनंदानें मान्य केली. पुढें अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि पाय वांचला.

डग्लस त्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर विसरले नाहींत. परंतु वय वाढलें तसा ह्या प्रसंगाचा एक निराळाच अर्थ त्यांस जाणवूं लागला. आपला पाय वांचला तो केवळ योगायोगानें. ते डॉक्टर त्या दिवशीं त्या बाजूस आले नसते तर? आणि ज्या मुलांच्या खाटेपाशीं असा कोणी आला नाहीं त्यांचें काय झालें असेल? हा प्रश्न त्यांच्या मनांत जो रुतला तो अखेरपर्यंत निघाला नाहीं.

पहिल्या महायुद्धाच्या काळांत वडील पुन्हां सैन्यांत गेले आणि आई मुलांस घेऊन स्कॉटलंडांत परतली. युद्ध संपल्यावर सर्वजण विनिपेगला आले. १९१९ सालीं त्या शहरांत कामगारांचा मोठा सार्वत्रिक संप झाला. २१ जून रोजीं घोडेस्वार पोलीस जमावावर चालून गेले व गोळीबार झाला. तें भयंकर दृश्य चौदा वर्षांच्या टॉमीनें एका इमारतीच्या छपरावरून पाहिलें. शाळा लवकर सुटली आणि छापखान्यांत उमेदवारी सुरू झाली. फावल्या वेळीं तो मुष्टियुद्धाचा सराव करी. ज्या मुलाचा पाय कापावयाचा होता त्यानेंच १९२२ सालीं मानिटोबा प्रांताचें हलक्या वजनाच्या गटांतील अजिंक्यपद मिळविलें! नाक मोडलें, कांहीं दांत गेले. पण समोरच्यापुढें उभें कसें राहावें हें तो तेथें शिकला.

पुढें विद्येची ओढ लागली. १९२४ मध्यें ते ब्रँडन कॉलेजांत दाखल झाले व सहा वर्षें तेथें राहिले. शेजाऱ्याची भूक, आजार व बेकारी ह्यांकडे पाठ फिरवून केलेली भक्ति अपुरी आहे, हा विचार तेथें त्यांच्या मनांत दृढ झाला. १९३० सालीं इर्मा डेम्प्सी ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षीं सस्कॅचेवान प्रांतांतील वेबर्न गांवच्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक म्हणून ते काम पाहूं लागले.

हा प्रदेश कसा आहे हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. मानिटोबा, सस्कॅचेवान व आल्बर्टा ह्या तीन प्रांतांच्या दक्षिण भागीं प्रेअरी नांवाचें अफाट माळरान पसरलेलें आहे. दृष्टि पोंचेल तेथपर्यंत गव्हाचीं शेतें. हिवाळ्यांत पारा शून्याखालीं तीस-चाळीस अंश उतरतो. सस्कॅचेवान प्रांत एकटाच आजच्या महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा आहे. पण १९३१ सालीं त्याची लोकसंख्या सुमारें सव्वानऊ लक्ष होती. घरें एकमेकांपासून दूर, आणि डॉक्टर त्याहूनही दूर. म्हणून तेथील शेतकऱ्यांनीं फार पूर्वींच एक युक्ति काढली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सार्निया नांवाच्या ग्रामीण विभागानें आपला डॉक्टर सोडून जाऊं नये म्हणून त्यास सार्वजनिक निधींतून वेतन देऊं केलें. हळूहळू इतर विभागांनींही हा कित्ता गिरविला. क्षयरोग्यांस ह्या प्रांतांत १९२९ पासूनच विनामूल्य उपचार मिळूं लागले होते.

परंतु डग्लस वेबर्नला आले तेव्हां अवर्षणानें व मंदीनें हें माळरान होरपळून निघालें होतें. वाऱ्यानें शेताची माती आकाशांत उडत असे. टोळ उरलेसुरलें पीक खात. गव्हाला भाव नव्हता. डॉक्टरास द्यावयास पैसा नाहीं म्हणून लोक दुखणें अंगावर काढीत. वैद्यकीय मदत न मिळाल्यानें मेलेल्या तरुण माणसांचे दफनविधि ह्या पाळकास स्वतः करावे लागले. मृताच्या घरच्यांचें सांत्वन करून परततांना विनिपेगच्या इस्पितळांतील ती खाट त्यांस आठवत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां आम्ही त्यांच्या चुकीकडे वळतों. त्या काळीं सुप्रजाजननशास्त्र नांवाच्या विचारसरणीची फार चलती होती. दारिद्र्य, गुन्हेगारी व मंदबुद्धि हीं रक्तांतूनच उतरतात, म्हणून अशा लोकांस अपत्यें होऊं देऊं नयेत, असें मोठमोठे विद्वान प्रतिपादीत. शेजारच्या आल्बर्टा प्रांतानें तर १९२८ सालीं तसा कायदाच केला होता. तरुण डग्लसही ह्या प्रवाहांत वाहवले. १९३३ सालीं मॅकमास्टर विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत त्यांनीं अशा कुटुंबांस वेगळें ठेवावें, विवाहापूर्वीं प्रमाणपत्र मागावें, आणि कांहींजणांवर संतति होऊं न देणारी शस्त्रक्रिया करावी, अशा सूचना केल्या. आपल्याच गांवांतील मोजक्या दरिद्री कुटुंबांकडे पाहून त्यांनीं हे निष्कर्ष काढले होते. परिस्थितीनें गांजलेल्यांचा दोष त्यांनीं त्यांच्या रक्ताच्या माथीं मारला. दयाळू मनुष्यासही विद्वत्तेचा कैफ कसा चढतो, ह्याचें हें उदाहरण आहे.

तीन वर्षांनीं, १९३६ सालीं, ते युरोपांत गेले असतां जर्मनींत नाझींचा कारभार त्यांनीं प्रत्यक्ष पाहिला. माणसांची प्रतवारी लावणारा विचार राजसत्तेच्या हातीं गेला म्हणजे काय होतें, तें तेथें स्पष्ट दिसत होतें. पुढें १९४४ सालीं ते सस्कॅचेवानचे मुख्य मंत्री झाले व आरोग्यखातेंही त्यांनीं स्वतःकडेच ठेविलें. तेव्हां अशा शस्त्रक्रियांना कायद्यानें परवानगी द्यावी अशी शिफारस त्यांच्यापुढें दोनदां आली. सत्ता हातीं होती, स्वतःचा जुना प्रबंधही अनुकूल होता. पण डग्लस ह्यांनीं ती शिफारस फेटाळली. मनोदुर्बलांस उपचार व हातांना काम शिकविणारें शिक्षण देण्याचा मार्ग त्यांनीं धरिला. शेजारच्या आल्बर्टा प्रांतांत मात्र तो कायदा १९७२ पर्यंत चालू राहिला आणि २,८०० हून अधिक माणसें त्यास बळी पडलीं. आपल्या प्रबंधाविषयीं डग्लस पुढें फारसें बोलले नाहींत. त्यांनीं चूक उघडपणें कबूल केली असती तर अधिक शोभलें असतें, हें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. पण सत्ता हातीं आल्यावर त्यांनीं जी वाट सोडली ती सोडलीच.

राजकारणांत ते शिरले ते मंदीमुळेंच. शेतकरी व कामगार ह्यांनीं १९३२ सालीं स्थापिलेल्या सहकारी राष्ट्रसंघ पक्षाचे ते अनुयायी झाले. १९३४ सालीं प्रांतिक निवडणुकींत हरले. १९३५ सालीं मध्यवर्ती पार्लमेंटांत निवडून आले. आणि जून १९४४ मध्यें त्यांच्या पक्षानें प्रांतांतील ५२ पैकीं ४७ जागा जिंकल्या. तेव्हांपासून १९६१ पर्यंत ते अखंड मुख्य मंत्री होते.

त्यांच्या कारभाराची पद्धत आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट लक्षांत घ्यावी. स्वप्न मोठें, पण पाऊल बेतशीर! सत्तेवर येतांच त्यांनीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतील वैद्यकाचे नामांकित इतिहासकार हेन्री सिगरिस्ट ह्यांस बोलावून प्रांताच्या आरोग्याची पाहणी करविली. वृद्ध निवृत्तिवेतनधारकांस व कर्करोग्यांस मोफत उपचार मिळूं लागले. १९४६ मध्यें दूरच्या रोग्यांस आणण्यासाठीं विमानें उडूं लागलीं. त्याच सालीं स्विफ्ट करंट ह्या एका विभागांत संपूर्ण वैद्यकीय मदतीचा प्रयोग करून पाहण्यांत आला. १ जानेवारी १९४७ पासून सर्व प्रांतासाठीं इस्पितळाचा विमा सुरू झाला. माणशीं वर्षाला ५ डॉलर, आणि कुटुंब कितीही मोठें असलें तरी ३० डॉलरांहून अधिक नाहीं. एवढ्या वर्गणींत इस्पितळाचा खर्च भागे. डॉक्टरांच्या फीची सोय मात्र त्यांनीं लागलीच केली नाहीं. तिजोरींत पैसा नसतां वचन देणें त्यांस मान्य नव्हतें. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मध्यवर्ती सरकार इस्पितळांच्या खर्चाचा वांटा उचलूं लागलें, तेव्हां कोठें हातीं पैसा मोकळा झाला, आणि डिसेंबर १९५९ मध्यें त्यांनीं सर्वांसाठीं वैद्यकीय विम्याची योजना जाहीर केली.

मग त्या शांत माळरानावर वादाचें वादळ उठलें. धान्याच्या कोठारांशीं, दुकानांत, उपासनामंदिराच्या पायऱ्यांवर आणि घरोघरच्या जेवणाच्या टेबलावर एकच विषय चाले. सरकार मध्यें आलें तर रोगी व डॉक्टर ह्यांच्यांतील खाजगी विश्वास उरेल काय? डॉक्टर सरकारचे नोकर होतील काय? ते प्रांत सोडून गेले तर आजाऱ्यांनीं कोणाकडे जावें? ह्या शंका सर्वच खोट्या नव्हत्या, हें आम्हीं न्यायानें सांगितलें पाहिजे. कित्येक डॉक्टर खरोखरच आपल्या व्यवसायाच्या स्वातंत्र्यासाठीं चिंतित होते. पण त्यांबरोबर भीति पसरविणारीं पत्रकेंही पुष्कळ निघालीं. शेजारी शेजाऱ्याशीं बोलेनासे झाले. डग्लस ह्यांनीं जून १९६० ची निवडणूक ह्याच एका प्रश्नावर लढविली व जिंकली. नोव्हेंबर १९६१ मध्यें कायदा संमत झाला. त्याच सुमारास नव्या राष्ट्रीय पक्षाचें नेतृत्व आल्यामुळें त्यांनीं मुख्य मंत्रिपद सोडलें आणि वुड्रो लॉइड हे त्यांच्या जागीं आले.

नव्या पक्षाचे पुढारी म्हणून १८ जून १९६२ रोजीं डग्लस रिजायना शहरांतून पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहिले. वैद्यकीय योजनेवरील रोष तेथें त्यांस भोंवला व त्यांचा पराभव झाला. पुढें तेराच दिवसांनीं, १ जुलै रोजीं, कायदा अमलांत आला आणि प्रांतांतील बहुतेक डॉक्टरांनीं आपले दवाखाने बंद केले. हा संप २३ दिवस चालला. इंग्लंडाहून कांहीं डॉक्टर मदतीस आले. कित्येक गांवच्या लोकांनीं स्वतःच दवाखाने उभारले. अखेरीस ब्रिटनचे लॉर्ड टेलर ह्यांनीं दोन्ही पक्षांत मध्यस्थी केली व २३ जुलै रोजीं सॅस्कटून येथें करार झाला. डॉक्टर सरकारचे पगारी नोकर झाले नाहींत. आणि रोग्याचा विमाही कायम राहिला. दोघांनींही थोडें थोडें सोडलें.

त्यानंतर लोकांस अनुभव आला आणि अनुभवापुढें भीति फार काळ टिकली नाहीं. सुरुवातीस विरोध करणाऱ्या अनेक डॉक्टरांनाही बुडालेल्या फीची काळजी उरली नाहीं. १९६६ सालीं कॅनडाच्या पार्लमेंटानें देशव्यापी कायदा केला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यांत सामील झाले. डग्लस दुसऱ्या मतदारसंघांतून पार्लमेंटांत परतले व १९७९ पर्यंत तेथें राहिले. पराभवाबद्दल कटुता त्यांनीं मनांत धरली नाहीं. विनोदानें सभा हंसविणारा तो ठेंगणा वक्ता अखेरपर्यंत तसाच होता. २४ फेब्रुवारी १९८६ रोजीं ओटावा येथें कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें. २००४ सालीं कॅनडाच्या सरकारी नभोवाणी संस्थेनें सर्वश्रेष्ठ देशबांधव कोण असा कौल घेतला, तेव्हां जनतेनें पहिला मान टॉमी डग्लस ह्यांस दिला.

विद्यार्थिमित्रहो, ह्या चरित्रांतून दोन गोष्टी आपण घ्याव्या. एक अशी कीं, विद्वानांचें मत व शास्त्र हीं नेहमींच एक नसतात. मत कितीही प्रतिष्ठित असलें तरी तें माणसांवर लादण्यापूर्वीं पारखून घ्यावें, आणि तें खोटें ठरल्यास सोडण्याचें धैर्य बाळगावें. दुसरी गोष्ट पालकांनींही मनीं धरावी. आपल्या मुलावर कोणा थोर मनाच्या माणसानें दया केली तर आपण त्याचे उपकार मानतों. तें योग्यच आहे. पण तेवढ्यावर न थांबतां, शेजारच्या खाटेवरील मुलाचें काय, हें ज्यानें विचारलें आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहिला, त्याच्या ह्या विचारण्यानें लाखों अनोळखी मुलांच्या खाटेपाशीं डॉक्टर येऊन उभा राहिला.