बाबासाहेबांच्या पायांचे दुखणे

२९ ऑगस्ट १९४७ रोजी राज्यघटनेच्या मसुदा समितीची जबाबदारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे आली. वय ५६ वर्षे. मधुमेह आधीच जडलेला, जोडीला रक्तदाब. दिवसा कामकाज, रात्री वाचन-लेखन आणि त्यातच पायांच्या असह्य वेदना. १९४८ च्या सुरुवातीला या वेदनांनी त्यांची झोपही हिरावली.

उपचारांच्या निमित्ताने मुंबईत त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली होती. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. पुढे माईसाहेब म्हणून ओळखल्या गेलेल्या या डॉक्टर पत्नीने त्यांचे पथ्य आणि औषधपाणी सांभाळले. दुखणे हटले नाही, पण काम थांबले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा संविधान सभेपुढे आला आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी त्यांना काठीचा आधार लागत होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी, ६५ व्या वर्षी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यांच्या पायांच्या दुखण्याचे निदान न्यूरायटिस, म्हणजे मज्जातंतूंचा विकार, असे होते. मधुमेह पायांवर दोन वाटांनी घाला घालतो. मज्जातंतू बिघडले की तळपाय जळतात, मुंग्या येतात, रात्री त्रास वाढतो आणि पुढे पाय बधिर होतात. रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर उतरते; पाय गार पडतात. दोन्ही एकत्र आले तर धोका मोठा. रेणापूरच्या शिवारात ज्वारीचे धसकट पायात घुसले तरी बधिर पायाला कळत नाही आणि रक्तपुरवठा कमी असल्याने जखम भरत नाही. दुर्लक्ष झाले तर बोट, कधी पायही कापावा लागतो.

घरच्या घरी बोटातल्या थेंबावर रक्तातील साखर मोजणे किंवा डॉप्लरने पायांतील रक्तप्रवाह पाहणे, या सोयी बाबासाहेबांच्या काळी नव्हत्या. आज आहेत. म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी पायदुखी वयावर ढकलू नये. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, अनवाणी चालू नये, विडी-तंबाखू सोडावी. वर्षातून एकदा तरी पायांची तपासणी करून घ्यावी. जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.